'रिडक्शन'ला मराठीत काय म्हणायचं?

कळव्याहून एका ताईंनी विचारलंय की वडिलांना एम्फिसीमा हा फुफ्फुसाचा आजार आहे, फाइलवर 'लंग व्हॉल्यूम रिडक्शन' असा पर्याय लिहिलाय, तर याला मराठीत काय म्हणायचं? त्यांनी आपल्या परीने 'फुफ्फुसाचं आकारमान कमी करणं' असं सांगितलं, तर बाबा म्हणाले, "अगं दोन जिने चढलो की धाप लागते, आहे ते फुफ्फुस पण कमी करता का?"

बाबा बरोबर बोलले. म्हणजे 'आकारमान' हा शब्द काही चुकीचा नाही, शाळेत विज्ञानात आकारमान आणि गणितात घनफळ शिकलोच की आपण. गोची 'कमी'ची आहे. मराठीत कमी केलं म्हणजे कुणाचं तरी नुकसान झालं, एखाद्याला 'कामावरून कमी केलं' म्हणतो तेव्हा त्याची नोकरी गेलेली असते!

आता मूळ आजाराचं नाव बघा. एम्फिसीमा हा ग्रीक शब्द, अर्थ हवा भरून फुगणं. पुस्तकी मराठीत 'वातस्फीती' आहे, पण घरात वात म्हटलं की आजीचे गुडघे नाहीतर समई आठवते. चलनफुगवटा चालतो तर फुफ्फुसाचा फुगवटा का नको? सिगारेट, चुलीचा धूर यांनी फुफ्फुसातल्या बारीक पिशव्यांच्या भिंती तुटतात, फुफ्फुस ढिल्या इलॅस्टिकसारखं होतं आणि आत गेलेली हवा धड बाहेरच पडत नाही. छातीभर श्वास घ्या आणि तो न सोडता वर अजून एक घेऊन बघा, खांदे वर जातील पण आत फारसं काही जाणार नाही. सकाळी ठाण्याला उतरणारे दारात अडकले की आपण प्लॅटफॉर्मवर नुसते ढकलत राहतो, तसंच ते.

म्हणून मी 'उतरवणं' म्हणेन. ताप उतरतो, सूज उतरते, डब्यातली माणसंही उतरतात, तसा 'फुफ्फुसाचा फुगवटा उतरवणं'.

ऑपरेशनच्या बाबतीत मात्र 'कमी करणं' शब्दशः खरंय, त्यात जास्त खराब झालेला भाग कापूनच काढतात. ऑटो ब्रॅन्टिगन या अमेरिकन सर्जनने १९५० च्या दशकात हे करून पाहिलं होतं, पुढे २००३ साली १२१८ पेशंटांच्या अभ्यासात दिसलं की आजार मुख्यतः वरच्या भागात असेल आणि चालण्याफिरण्याची ताकद बरीच कमी असेल त्यांना जास्त फायदा होतो. दुसरा प्रकार व्हॉल्व्हचा, त्याला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली, यात कापाकापी नाही, दुर्बिणीतून श्वासनळीच्या फाट्यात बारीक झडपा बसवतात. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह हवा आत घेतो आणि बाहेर सोडत नाही, इथे बरोब्बर उलटं, बाहेर सोडतो पण आत घेत नाही. फुफ्फुसाचा तेवढा खंड, म्हणजे भाग, आक्रसला की शेजारच्या बऱ्या भागाला जागा मिळते आणि खाली दबून सपाट झालेला छातीचा पडदा पुन्हा वर उचलला जातो.

तेव्हा ताई, बाबांना सांगा की "आत अडकलेली हवा उतरवायचीय". फक्त व्हॉल्व्ह सगळ्यांना चालत नाही, शेजारच्या खंडातून चोरवाटेने हवा येत असेल तर उपयोग होत नाही, आणि नंतर फुफ्फुसाबाहेर छातीत हवा साठायचा धोका बऱ्यापैकी असतो, तेही डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. आणि हो, बाबांचा 'धाप' हा शब्द तसाच ठेवा, नातेवाईकांना सांगताना त्याचा 'दमा' करू नका, तो आजार वेगळा.