'द अनटेम्ड' ही चिनी सिरियल पहिल्यांदा बघतोयस? मग आधी एवढं कर

अरे पहिले २ भाग डोक्यावरून गेले ना, सगळ्यांचे जातात, ३ऱ्यापासून फ्लॅशबॅक लागतो तो पार तिशी ओलांडेपर्यंत, तोवर धीर धर.

वेई यिंग नि वेई वूश्येन एकच माणूस, लान झान म्हणजेच लान वांगजी. मी तर कॅलेंडरच्या मागे नावं लिहून ठेवलेली.

नवीन लोक फसतात ते मूळ कादंबरीचं गणित सिरियलला लावून. तिकडे वेई यिंग मेल्यावर १३ वर्षांनी परततो, इकडे १६. तिकडे चालती प्रेतं, इकडे सेन्सॉरच्या धाकाने कठपुतळ्या.

दुसऱ्याच्या नावाने परतला तरी चेहरा जुनाच कसा? हे भोक खरंच आहे, मुखवटा चढवून वेळ मारून नेलीय झालं. गोल्डन कोअर, म्हणजे साधनेने अंगात तयार होणारा शक्तीचा गाभा, त्याबद्दल आत्ता विचारूच नकोस, स्पॉयलर आहे.