साडेचार वर्षांच्या मुलीची दर शुक्रवारी लेखी चाचणी: शाळेशी बोलाच

ताई, मुलीची दर शुक्रवारी लेखी चाचणी होते, शाळा म्हणते "यातूनच प्रगती कळते", आणि आपण उगाच बाऊ करतोय का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात नाही. बोला, आणि लवकर बोला.

मी बरीच वर्षं बालवर्गाला शिकवलंय, म्हणून त्या कागदावरून काय कळतं ते सांगते. पाच बदकांचं चित्र, शेजारी रिकामा चौकोन, "मोजा आणि लिहा". मूल पाचाचा आकडा उलटा काढतं आणि लाल फुली पडते. चुकलं कुठे? मोजण्यात, आकडा आठवण्यात, की पेन्सिल धरणाऱ्या बोटांत? फुलीवरून काहीच कळत नाही. (या वयात आकडे-अक्षरं उलटी येणं सर्रास असतं, त्याचा घोर लावून घेऊ नका.) आता त्याच मुलापुढे सात खडे ठेवा. ते बोट लावून सातपर्यंत मोजेल. मग विचारा, "एकूण किती?" काही मुलं लगेच "सात" म्हणतात. काही पुन्हा एकपासून सुरू करतात, कारण आकडे पाठ असले तरी शेवटचा आकडा म्हणजेच एकूण संख्या हे त्यांना अजून उमगलेलं नसतं. दोन मिनिटांत बाईंना उद्या काय घ्यायचं ते कळतं, आणि आपली परीक्षा झाली हे मुलाच्या गावीही नसतं.

शिवाय इतक्या लहान मुलाचं उत्तर झोप, भूक, समोरचा माणूस यांवर हलतं. अमेरिकेत हेड स्टार्ट या गरीब घरांतल्या लहान मुलांसाठीच्या सरकारी योजनेतल्या चार-पाच वर्षांच्या मुलांची २००३ पासून वर्षातून दोनदा एकसारखी चाचणी घ्यायचे. तज्ज्ञांनी तिच्यावर कडाडून टीका केली आणि २००७ मध्ये ती बंद झाली. सिंगापूरने २०१९ पासून पहिली-दुसरीच्या गुणांच्या परीक्षा काढून टाकल्या, चीनने २०२१ मध्ये त्याच इयत्तांच्या लेखी परीक्षांवर बंदी घातली. ही मुलं तर तुमच्या लेकीपेक्षा मोठी!

कान, डोळे, बोलणं यांच्या तपासणीला मात्र विरोध करू नका. तिथे काही आढळलं तर मुलाला वेळेत मदत मिळते.

शाळेत गेल्यावर एवढंच विचारा: "शुक्रवारचा कागद पाहून सोमवारी तुम्ही माझ्या मुलीसाठी काय वेगळं करता?" उत्तर फाइलपाशी थांबलं, तर चाचणीऐवजी तारीख घातलेली चित्रं, मुलीची बोललेली वाक्यं आणि बाईंच्या छोट्या नोंदी ठेवायला सुचवा. बाईंवर चिडू नका. बहुतेकदा त्यांनाही हे नको असतं, वरून दडपण असतं, आणि गुण हवेत म्हणून काही पालकच मागे लागलेले असतात. म्हणून एकट्या जाऊ नका, वर्गातले आणखी तीन-चार पालक सोबत घ्या. सरसकट बंद करायला शाळा कचरत असेल तर एक सत्र चाचणीविना घेऊन बघा म्हणावं, त्याला नकार देणं जड जातं. मुख्याध्यापक काय म्हणाले ते कळवा, त्याप्रमाणे पुढचं पत्र कसं लिहायचं ते सांगते.