मस्कोव्हीला तळं नको, फांदी द्या

मागच्या वेळी या पानावर मस्कोव्ही बदकाबद्दल फक्त दोन ओळी लिहिल्या होत्या, की घरच्या बागेत हा पक्षी मजेत राहतो. त्यावर एवढे प्रश्न आलेत की आजचं अख्खं पान त्यालाच द्यावं लागतंय. सगळी पत्रं वाचल्यावर एक गोष्ट लक्षात आली, बहुतेकांचा घोळ एकाच ठिकाणी होतोय. तुम्ही ह्याला 'बदक' समजून पाळताय. बाकीची झाडून सगळी पाळीव बदकं मॅलार्ड नावाच्या रानबदकापासून आलेली आहेत, मस्कोव्ही नाही, तो वेगळाच प्राणी. त्याचे रानातले भाऊबंद नदीकाठच्या झाडांवर रात्र काढतात आणि झाडाच्या ढोलीत अंडी घालतात. एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

प्रश्न : आमची बाग छोटी आहे, तळं नाही आणि खणायला जागापण नाही. शेजारी अगदी भिंतीला भिंत लागून आहेत. बदकं आणली तर आवाजाची बोंब होईल का?

ताई, आवाजाची काळजी सोडा. मस्कोव्ही क्वॅक क्वॅक करतच नाही. नर फुसफुसतो, म्हणजे सायकलच्या ट्यूबमधून हवा जातेय असा आवाज, आणि मादी हळू आवाजात बारीक सुरात काहीतरी पुटपुटत असते, घाबरली तरच जरा जोरात ओरडते. शेजाऱ्यांना आवाजाने नाही, वासाने त्रास होईल, त्याचं पुढे सांगते.

तळं लागत नाही. पण म्हणून कोंबडीला ठेवतो तसं चपट्या ताटलीत पाणी ठेवून भागणार नाही. त्याला अख्खं डोकं बुडवता आलं पाहिजे, कारण नाकपुड्या आणि डोळे तो पाण्यातच धुतो, नाही धुतले तर नाकात खाद्य अडकून बसतं आणि डोळे चिकटायला लागतात. प्यायला एक खोल बादली आणि अंघोळीला एक रुंद टब, बस. टबात विटेची पायरी टाका म्हणजे बाहेर येता येईल. आणि रोज पाणी बदला, खरंच रोज, कारण तासाभरात त्याचा चहा होतो. ते पाणी फेकू नका, झाडांच्या बुंध्याशी ओता, फुकटचं खत आहे. पालेभाजीवर मात्र ते ओतायचं नाही, कच्ची खायची असेल तर अजिबातच नाही.

प्रश्न : मादी उडून शेजारच्या छपरावर जाऊन बसली, दोन तास खाली आली नाही. पंख कापणं क्रूर वाटतं. काय करू?

गेली असणारच! मादी अडीच ते तीन किलोची असते आणि मस्त उडते. नर तिच्या जवळजवळ दुप्पट, साडेचार-पाच किलो, काही सहाच्या वर जातात, त्यामुळे मोठा झाला की त्याचं उडणं म्हणजे नुसतीच फडफड. म्हणून लोकांना वाटतं हे बदक उडत नाही, आणि मग एक दिवस मादी छपरावर दिसते.

पिसं कापणं म्हणजे नखं कापण्यासारखं आहे, नीट केलं तर दुखत नाही. एकाच बाजूच्या पंखाची कापायची, दोन्ही बाजूंची नाही. एक बाजू हलकी झाली की तोल जातो आणि उडता येत नाही, दोन्ही सारखी कापली तर पठ्ठी जोर लावून उडतेच. पंख उलगडला की टोकाकडची जी दहा लांब पिसं दिसतात फक्त ती, आणि त्यांच्यावर जी लहान पिसांची ओळ असते तिच्या खाली थोडं अंतर सोडून. नवीन येणाऱ्या पिसाची नळी काळपट निळसर दिसते, त्यात रक्त असतं, त्याला कात्री लावायची नाही म्हणजे नाही. पिसं झडून नवी आली की पुन्हा उडायला लागेल, तेव्हा वर्षातून एकदा तरी हे करावं लागतं. पकडताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, दोन्ही पंख अंगाशी दाबून धरा आणि पाय स्वतःपासून लांब ठेवा. ह्यांची नखं झाडावर बसणाऱ्या पक्ष्याची आहेत, माझ्या मनगटावर पहिल्या वर्षाची खूण अजून आहे.

आणि कापलं तरी बसायला उंची द्याच. खुराड्यात गुडघाभर उंचीवर एक जाड, रुंद फांदी आडवी टाका. माझ्याकडे ती टाकल्यापासून संध्याकाळी कुंपणाकडे बघत उभं राहणं बंद झालं, अंधार पडला की सगळ्या आपापल्या जागेवर. नर जड असतो, त्याला अजून खाली, नाहीतर उडी मारताना पायाला इजा होते.

प्रश्न : मादी खुडूक बसली, आम्ही कॅलेंडरवर खुणा केल्या. अठ्ठावीस दिवस झाले, एकतीस झाले, काहीच नाही. बत्तिसाव्या दिवशी सासूबाई म्हणाल्या अंडी नासली असतील, म्हणून एक फोडून बघितलं तर आत पूर्ण पिल्लू होतं आणि ते जिवंत होतं. फार वाईट वाटतंय.

वाटणारच हो. पण हे खूप जणांच्या हातून होतं, कारण सगळीकडे 'बदकाची अंडी 28 दिवस' असंच ऐकायला मिळतं. ते मॅलार्डवाल्या बदकांचं. मस्कोव्हीला 35 दिवस लागतात, एखाददोन दिवस इकडेतिकडे. म्हणजे तुमचं पिल्लू वेळेवरच होतं, उशीर झालाच नव्हता.

दुसरी चूक मोजण्यात होते. मादी रोज एक अशी आठ ते पंधरा अंडी घालते आणि तेवढे दिवस त्यांच्यावर बसत नाही, येते, घालते, पेंढ्याने झाकते आणि निघून जाते. सगळी झाली की मग ठाण मांडते, छातीची पिसं उपटून घरट्यात घालते. दिवस तिथून मोजायचे. पहिल्या अंड्यापासून मोजलं तर पंधरवड्याचा फरक पडतो, मग घरात भांडणं. (आमच्याकडे झालंय.)

पुढच्या वेळी फोडून नाही, उजेड दाखवून बघा. रात्री अंधारात अंड्याच्या जाड बाजूला टॉर्च लावायचा. आठ-दहा दिवसांच्या अंड्यात लाल रेषांचं जाळं आणि मधे एक हलणारा ठिपका दिसतो. काहीच नसेल, नुसतं पिवळं स्वच्छ दिसलं तर ते रिकामं, काढून टाका, नाहीतर सडून फुटेल आणि बाकीची घाण करेल. शेवटच्या आठवड्यात सगळं काळं दिसतं, फक्त वरची हवेची जागा मोकळी, ते चांगलं लक्षण. कवचाला पहिला तडा गेल्यावर पिल्लू पूर्ण बाहेर यायला एक दिवस, कधी दोन दिवसही लागतात, त्या वेळात 'मदत' म्हणून कवच सोलायचं नाही. आतल्या रक्तवाहिन्या सुकायच्या असतात आणि उरलेला बलक पोटात ओढून घ्यायचा असतो, घाई केली की रक्त जातं.

मादी दिवसातून एकदा थोडा वेळ उठते, खाते, भलीमोठी शीट करते, अंघोळ करते आणि ओल्या अंगाने परत येऊन बसते. त्या ओलाव्याची अंड्यांना गरज असते, म्हणून तिला हाकलून 'पुसून' वगैरे घेऊ नका, टब जवळ ठेवा. ही बाई वर्षातून तीनदा-चारदासुद्धा खुडूक बसू शकते आणि आई म्हणून अशी चिकाटीची की इनक्युबेटरच्या नादी लागू नका असंच मी म्हणेन.

प्रश्न : पिल्लं आईपासून वेगळी आणली, पुठ्ठ्याच्या खोक्यात वर्तमानपत्र टाकून ठेवली, कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य देतोय. दहाव्या दिवसापासून एकाचे पाय वाकडे पडतायत, गुडघ्यावर बसून चालतं.

दादा, दोन्ही गोष्टी चुकल्या. आधी ते वर्तमानपत्र काढा, गुळगुळीत कागदावर पाय घसरून फाकतात, त्याच्याऐवजी जुना टॉवेल किंवा रबरी मॅट टाका. दुसरं खाद्य. बदकाच्या पिल्लाला कोंबडीच्या पिल्लापेक्षा नायसिन, म्हणजे व्हिटॅमिन बी3, खूप जास्त लागतं. कोंबडीच्या खाद्यात ते पुरत नाही आणि पाय असेच जातात. आजच ब्रूअर्स यीस्ट (बिअर बनवताना वापरतात ते यीस्ट, त्यात नायसिन भरपूर असतं) आणा आणि रोजच्या खाद्यात मिसळायला लागा, आणि हे पिल्लू पक्ष्यांच्या डॉक्टरला दाखवा, तो थेट नायसिनचा डोस देईल. लवकर धरलं तर बहुतेक वेळा पाय सुधारतात, महिनाभर वाट बघितली तर नाही. ऊब पहिल्या आठवड्यात 32 अंशांच्या आसपास, मग दर आठवड्याला थोडी थोडी कमी. आणि आई नसलेल्या पिल्लांना पोहायला सोडू नका, अंगावर पुरेसं तेल नसतं, भिजून गारठतात आणि बुडतातसुद्धा.

प्रश्न : गोगलगायींसाठी आणली होती. गोगलगायी गेल्या, सोबत लेट्यूसही गेलं.

मग काय, त्यांना दोन्ही आवडतं! गोगलगायी, माश्या, झुरळं, गवतातले किडे ह्यांचा फडशा पाडण्यात मस्कोव्ही एक नंबर, उडती माशी चोचीत पकडताना बघत राहावं. पण कोवळी रोपं आणि पालेभाजी समोर असेल तर किड्यांच्या मागे कोण धावणार. गुडघ्याएवढी जाळी वाफ्याभोवती लावा आणि बदकांना पेरणीच्या आधी आत सोडा, पेरल्यावर नाही. झाडं मोठी, कडक झाली की मग संध्याकाळी अर्धा तास, तुम्ही तिथे उभं राहून. गोगलगायी मारायच्या विषारी गोळ्या टाकत असाल तर कायमच्या बंद, कारण मेलेली गोगलगाय बदकच खाणार. कण्हेर आणि अव्होकॅडोचा पाला आवाक्यात नको. अजून एक, खुराडं बांधून झाल्यावर खाली पडलेले खिळे, तारेचे तुकडे, स्क्रू एकूण एक वेचा. चकचकीत दिसलं की गिळतात आणि जस्ताची विषबाधा होते. लोहचुंबक फिरवा हवं तर, पण त्याला जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तारच चिकटेल, तांब्याचे तुकडे डोळ्यांनीच शोधायचे.

प्रश्न : दोन नर, तीन माद्या आहेत. माद्यांच्या मानेची पिसं गेलीत, एकीला जखम आहे.

एक नर कमी करा. दुसरा उपाय नाही. एका नराला चार-पाच माद्या असाव्यात, तुमच्याकडे दोघांत तीन आहेत, त्या बिचाऱ्यांना दिवसभर पळ काढावा लागत असणार. जखमवाली आजच वेगळी ठेवा. तुमच्या पत्रात साधी बदकंही आहेत असं लिहिलंय, तर मस्कोव्ही नर त्यांच्यावरही चढेल, पिल्लंही होतील, पण ती वांझ असतात, घोडा-गाढवाच्या खेचरासारखी, पुढे वंश चालत नाही. वाईट काही नाही, फक्त 'चांगली जात तयार करतोय' हा विचार असेल तर तो सोडून द्या.

वासाबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय

वास शिटेचा कमी, ओल्याचा जास्त. पाणी आणि पेंढा एका जागी आले की चिखल, बुरशी, माश्या, सगळं आलंच. पाण्याची भांडी खुराड्यापासून लांब, वाळूखडीवर ठेवा. आतला पेंढा किंवा लाकडाचा भुसा कोरडा हवा, बुरशी आलेला पेंढा तर आत नेऊच नका, फुप्फुसाचा रोग होतो. रात्री पक्कं दार लावा, मांजर, कुत्रा, घूस कोणालाही तोंड घालता येणार नाही असं. हाताळून झालं की साबणाने हात धुवायचे, पोरांना हे दोनदा सांगा.

झटपट

ब्रेड चालेल का? नाही. पोट भरतं, पोषण नाही, आणि वाढत्या पिल्लांचे पंख बाहेर वळतात.

तोंडावर लाल गाठी आल्यात, रोग आहे का? नाही हो, तोच त्याचा चेहरा आहे! नराला जास्त, मादीला कमी. रंग अचानक फिका पडला तर मात्र काळजी करा.

मॉस्कोवरून नाव पडलं का? हा पक्षी मूळचा मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतचा, तिथल्या लोकांनी युरोपियन यायच्या कितीतरी आधी पाळीव केलेला, मॉस्कोचा काही संबंध नाही. 1758 मध्ये लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने त्याच्या शास्त्रीय नावात 'मोशाटा' घातलं, म्हणजे कस्तुरीच्या वासाचा. मी नाक लावून बघितलंय, मला तरी ओल्या पेंढ्याचाच वास आला.