इंग्रजी व्याकरणात गुण जातात, तरी इंग्रजी घेऊन बीए करावं का?

वाळपईजवळच्या गावातून एका आईने लिहिलं आहे : मुलगी चौथीपर्यंत मराठी शाळेत होती, पाचवीपासून माध्यम इंग्रजी. आता दहावीत आहे. गोष्टी, कविता आवडीने वाचते, पण व्याकरणात आणि कवितेच्या प्रश्नांत गुण जातात. तिला इंग्रजी घेऊन बीए करायचं आहे, शिक्षिका व्हायचं आहे. घरची मंडळी म्हणतात, गप्प कॉमर्स घे.

ताई, कॉमर्स घेतलं म्हणून इंग्रजी सुटत नाही, अकरावी-बारावीला ते असतंच. तेव्हा आधी दुखणं कुठे आहे ते पाहा. गेल्या तीन-चार परीक्षांच्या उत्तरपत्रिका काढा आणि गेलेला प्रत्येक गुण कशापायी गेला ते वहीत रकाने पाडून लिहा. ‘व्याकरण कच्चं’ एवढ्यावरून काहीच कळत नाही.

मराठी शाळेतून आलेल्या मुलांच्या चुका बहुतेक ठरलेल्या जागीच होतात, कारण वाक्य मनात मराठीत जुळतं. ‘मी दोन वर्षांपासून इथे राहते’ याचं ‘आय लिव्ह हिअर सिन्स टू इयर्स’ होतं. आपल्याकडे ‘पासून’ एकच. इंग्रजीत सुरुवात कधी झाली ते सांगायचं तर ‘सिन्स’, किती काळ झाला ते सांगायचं तर ‘फॉर’. म्हणून ‘सिन्स 2023’, पण ‘फॉर टू इयर्स’. शिवाय मराठीत ‘राहते’ चालतं, इंग्रजीत मात्र ‘हॅव बीन लिव्हिंग’ लागतं, कारण राहणं मागे सुरू होऊन अजून चालू आहे. एका वाक्यात दोन चुका. मुलं ‘सिन्स’ सुधारतात आणि क्रियापद तसंच सोडतात.

दुसरी जागा रिपोर्टेड स्पीचची, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात सांगण्याची. ‘सर म्हणाले की मी उद्या येईन’ हे मराठीत बिनचूक आहे, ‘मी’ म्हणजे सर हे ऐकणाऱ्याला कळतं. इंग्रजीत ‘सर सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे’. सर्वनाम, क्रियापद आणि वेळेचा शब्द, तिन्ही बदलले. ‘टुमारो’ बदलायला विसरण्याचं प्रमाण फार. लिहून झालं की या तिन्हींखाली पेन्सिलीने रेघ मारायची सवय लावा.

तिसरी, क्वेश्चन टॅग, म्हणजे वाक्याच्या शेवटी जोडलेला छोटा प्रश्न. आपला ‘ना’ कुठल्याही वाक्याला चिकटतो, आणि गोव्यात ‘यू आर कमिंग, नो?’ सर्रास ऐकू येतं. बोलताना खुशाल बोलू दे, पेपरात नको. ‘ही हार्डली स्पीक्स’ला टॅग ‘डझ ही?’ येतो, कारण ‘हार्डली’मुळे वाक्य नकारार्थीच असतं. सराव एका आठवड्याला एकाच प्रकाराचा, रोज दहा वाक्यं. चुकलेलं वाक्य पुन्हा अख्खं लिहायचं, नुसता गाळलेला शब्द नव्हे.

कवितेचं दुखणं वेगळं. समजा ओळ आहे, ‘द म्हादई स्लेप्ट अंडर द मिस्ट’. गाइडछाप उत्तर असं : कवीने सुंदर शब्दांत नदीचं सौंदर्य वर्णिलं आहे. हे जगातल्या कुठल्याही नदीला लागू पडतं, मग गुण कशाचे द्यायचे? उत्तरात अलंकाराचं नाव हवं, पर्सोनिफिकेशन. तो कुठल्या शब्दात आहे ते हवं, ‘स्लेप्ट’. झोपणं माणसाचं, ते नदीवर घातलंय, हे सांगायला हवं. आणि त्याने काय साधलं : पाणी संथ वाटतं, पहाटेची शांतता जाणवते. हे शेवटचं वाक्य बहुतेक मुलं लिहीतच नाहीत, आणि नेमका गुण तिथे जातो.

मराठीत अलंकार शिकली असेल तर हीच चेतनगुणोक्ती. उपमा म्हणजे सिमिली, रूपक म्हणजे मेटाफर, अतिशयोक्ती म्हणजे हायपरबोली, या जोड्या शाळेपुरत्या जमतात. अनुप्रासाशी मात्र जपून. इंग्रजीत त्याच्या जोडीला अलिटरेशन येतं, पण त्यात शब्दांच्या सुरुवातीचा ध्वनी बघतात, अक्षर नव्हे. ‘सिटी’ आणि ‘कॅट’ दोन्ही सी अक्षराने सुरू होतात, तरी अलिटरेशन नाही. ‘फोन’ आणि ‘फिश’मध्ये आहे, जरी एक पीएचने आणि दुसरा एफने लिहितात.

आता बीएचं. बारावीनंतर तीन किंवा चार वर्षं पदवीची, मग साधारण दोन वर्षं बीएड, अशी शिक्षिकेची वाट. एमए करायचं झालं तर ताळगावला गोवा विद्यापीठात इंग्रजी विभाग आहे. कायद्याकडे वळावंसं वाटलं तरी हेच वाचन कामी येतं : क्लॅट या कायद्याच्या प्रवेश परीक्षेच्या 120 प्रश्नांत इंग्रजीचे 22 ते 26 असतात आणि तेही उताऱ्यावरचे, सुट्या व्याकरणाचे नव्हेत.

टक्क्यांवर निर्णय घेऊ नका. वर्गात न शिकवलेली एखादी छोटी कविता द्या आणि गाइडशिवाय वीस मिनिटं लिहायला सांगा. चुका होऊ देत. लिहायला काही सुचतं का, एवढंच बघा. सुचत असेल तर तिला आर्ट्सला जाऊ द्या. पान कोरं राहिलं आणि तिला कंटाळा आला, तर घरच्यांचं ऐकायला हरकत नाही. ‘पासून’चा रकाना दोन महिन्यांनी पुन्हा मोजा आणि अकरावीचा फॉर्म भरण्याआधी कळवा.