गोव्यातला स्वतःचा फ्लॅट पर्यटकांना द्यायला नोंदणी कशाला?

तुमचा कळंगुटजवळचा फ्लॅट वर्षातले दहा महिने बंद असतो. तो ॲपवर टाकून दिवसाच्या भाड्याने दिला तर नोंदणी लागते का, आणि घर आपलंच असताना ती का लागावी, असं तुम्ही विचारलंय.

लागते. गोव्यात पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा १९८२ चा कायदा आहे आणि पर्यटकांना भाड्याने दिलेले फ्लॅट, व्हिलाही त्यात येतात. परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन कळवायची असते, ते वेगळंच. सोसायटीचे नियमही आधी वाचून घ्या.

आता 'का लागावी' ते सांगतो. मी बार्देश तालुक्यातल्या एका वाड्यावर, म्हणजे गावातल्या एका वस्तीत, राहतो. शेजारच्या घराचे मालक परगावी असतात आणि पाहुण्यांना किल्ली दाराच्या नंबरवाल्या कुलपातून मिळते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात तिथे बारा-पंधरा जण उतरले. शौचालयाची टाकी चार माणसांच्या हिशोबाची होती, ती भरून वाहिली आणि घाण आमच्या बांयपर्यंत आली. (विहिरीला आम्ही बांय म्हणतो. मे महिन्यात नळाचा भरवसा नसतो, तेव्हा सगळं घर तिच्यावरच चालतं.) मी पंचायतीत गेलो. तिथे त्या घराची नोंद साधं राहतं घर एवढीच. मालकाचा फोन नंबर शोधण्यात दोन दिवस गेले आणि आई ते दोन्ही दिवस टँकरच्या पाण्यावर स्वयंपाक करत होती. नोंदणी असती तर निदान कुणाला विचारायचं ते तरी कळलं असतं.

माझ्या मते नुसती नोंदणीही पुरेशी नाही. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून नियम कडक झालेत: तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर द्यायचं तर यजमानाने स्वतः तिथेच राहायचं, आणि पाहुणे जास्तीत जास्त दोन. पर्यटनावर जगणाऱ्या आमच्या गावांना एवढं परवडणार नाही, पण यजमान जवळ हवा ही त्यातली गोष्ट मला मनापासून पटते. स्वतःच्या घरातल्या दोन खोल्या देणाऱ्या बाईंबद्दल आमच्या वाड्यावर आजवर एकही तक्रार नाही. रात्री दहानंतर गाणी वाजली तर त्या स्वतः उठून बंद करायला लावतात.

म्हणून नोंदणी कराच, आणि फ्लॅटपासून दहा मिनिटांवर राहणारा एक माणूस पगारी ठेवा. पहिला पाहुणा यायच्या आधी त्याचा नंबर वरच्या, खालच्या आणि बाजूच्या घरी स्वतः नेऊन द्या.