गॅसच्या बिलातून नऊ हजार पौंड वसूल होतील का?

प्रश्न : आम्ही चौघे इंग्लंडमध्ये लेस्टर येथे, 1930च्या दशकात बांधलेल्या तीन बेडरूमच्या सेमी-डिटॅच्ड घरात राहतो. खिडक्यांना दुहेरी काचा आहेत आणि घर गॅस बॉयलरवर तापते. हिवाळ्यात सकाळी काचांवरून पाणी ओघळते आणि मुलीच्या खोलीत कपाटामागच्या भिंतीला बुरशी आली आहे. एका कंत्राटदाराने एमव्हीएचआर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या हवेतली उष्णता आत येणाऱ्या हवेला देणारी यंत्रणा, सुचवली असून 9,000 पौंडांचा अंदाज दिला आहे. गॅसच्या बिलातूनच हा खर्च निघेल, असे त्यांचे म्हणणे आहे. ते मान्य करावे का? नाशिकला बंगला बांधत असलेल्या माझ्या दिरांनीही ही यंत्रणा बसवावी का?

उत्तर : बिलातून खर्च निघेल, हे म्हणणे मान्य करू नये. त्यामागचे गणित घरबसल्या पडताळून पाहता येते. इंग्लंडच्या बांधकाम नियमांच्या मार्गदर्शिकेनुसार तीन बेडरूमच्या नव्या घरात सेकंदाला 31 लिटर, म्हणजे तासाला सुमारे 112 घनमीटर, हवा खेळती असावी लागते. एक घनमीटर हवा एका अंशाने तापवायला 0.33 वॉट-तास ऊर्जा लागते. लेस्टरच्या बाजूचा हिवाळा लक्षात घेता एवढी हवा तापवण्यासाठी वर्षाला साधारण 1,950 युनिट (किलोवॉट-तास) उष्णता खर्ची पडते. यंत्राने त्यातली 80 टक्के परत मिळवली, तर सुमारे 1,560 युनिट वाचतील. गॅस युनिटमागे सहा पेन्स आणि बॉयलरची कार्यक्षमता 90 टक्के धरली, तर ही बचत जेमतेम 104 पौंडांची होते. मात्र यंत्राचे पंखे बारा महिने चालू राहतात. ते 40 वॉटचे धरले आणि विजेचा दर 26 पेन्स मानला, तर 91 पौंड तिथेच जातात. त्यात दरवर्षीच्या फिल्टरचा खर्च मिळवला की हातात काहीच उरत नाही. घर साध्या विजेच्या हीटरवर तापत असते, तर हेच गणित बरेच वेगळे आले असते. आपल्याकडे गॅस आहे.

शिवाय हे गणितही यंत्राला झुकते माप देणारे आहे, कारण त्यात घराची सगळी हवा यंत्रातूनच ये-जा करते असे गृहीत धरले आहे. त्या काळच्या घरांत लाकडी तक्तपोशीच्या फटी, जुनी धुराडी, माळ्याचे झाकण आणि पाइपांभोवतीची भोके यांतून वाऱ्याच्या दिवशी भरपूर हवा आपोआप आत-बाहेर होत असते आणि तिच्यातली उष्णता कोणतेही यंत्र परत आणू शकत नाही. म्हणून कंत्राटदाराला होकार देण्यापूर्वी दारात पंखा लावून घराची गळती मोजणारी ब्लोअर डोअर चाचणी करून घ्यावी. 50 पास्कल दाबाला, घराच्या बाह्य आवरणाच्या दर चौरस मीटरमागे तासाला तीन घनमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी गळती असेल, तरच ही यंत्रणा आपले काम नीट करते. नव्या घरांनाही कमाल आठची मुभा आहे. आपले घर त्याहूनही वर गेले, तर आश्चर्य वाटू नये.

मग बुरशीचे काय? ती दुर्लक्ष करण्याजोगी बाब नाही. 2020 साली रॉशडेल येथे भाड्याच्या घरातील बुरशीमुळे दोन वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला आणि त्यानंतर इंग्लंडमध्ये सामाजिक गृहनिर्माणासाठी, म्हणजे नगरपालिका आणि गृहसंस्थांनी भाड्याने दिलेल्या घरांसाठी, कायदा करावा लागला. मात्र आपल्याकडील लक्षणे पाहता उपाय नऊ हजारांच्या बराच अलीकडे सापडेल, असे वाटते. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटून असेल, तर त्यामागे खोलीतली ऊब पोहोचत नाही. गार भिंतीलगतच्या हवेची आर्द्रता 80 टक्क्यांवर जाऊन तशीच टिकली, की बुरशी धरते. कपाट आतल्या भिंतीकडे न्यावे, ते शक्य नसल्यास निदान चार बोटे पुढे ओढावे. खिडक्यांच्या वरच्या चौकटीतल्या हवेच्या चिरा थंडीच्या भीतीने बंद केल्या असतील, तर उघडाव्यात. कपडे घरात वाळत घालण्याची सवय असेल, तर एका धुण्यातून दोनेक लिटर पाणी घरातल्या हवेतच मिसळते, हेही ध्यानात घ्यावे. दहा-पंधरा पौंडांत मिळणारा आर्द्रतामापक मुलीच्या खोलीत ठेवून आठवडाभर सकाळचे आकडे लिहून काढावेत. ते सतत साठच्या वर राहत असतील, तर न्हाणीघरात आणि स्वयंपाकघरात आर्द्रता ओळखून वेग वाढवणारे, सतत मंद चालणारे एक्झॉस्ट पंखे बसवावेत. त्यांचा खर्च शेकड्यांत मोजला जातो, हजारांत नाही.

आपल्या स्वयंपाकघराबद्दल थोडे वेगळे सांगायला हवे. फोडणीचा धूर आणि तेलाची वाफ कोळशाच्या फिल्टरमधून गाळून पुन्हा खोलीतच सोडणारे शेगडीवरचे हूड इंग्लंडमध्ये सर्रास दिसतात. त्याने वास थोडा कमी होतो, वाफ मात्र तिथेच राहते. हूडची नळी भिंतीतून थेट बाहेर काढलेली असावी आणि पुढेमागे एमव्हीएचआर बसवलीच, तरी तो हूड तिला जोडू नये. तेलाचा थर बसून हीट एक्स्चेंजर, म्हणजे यंत्रातला उष्णतेची देवाणघेवाण करणारा भाग, निकामी होतो.

पुढे कधी भिंती-छपराला आतून-बाहेरून इन्सुलेशन करून सर्व फटी बुजवण्याचे मोठे काम काढलेत, तर मात्र हीच यंत्रणा जवळपास अपरिहार्य ठरेल. रहदारीच्या रस्त्यावरचे घर किंवा परागकणांचा त्रास असलेले माणूस असेल, तर आणखीच. त्या वेळीही बिलाचा विचार बाजूला ठेवून चांगल्या हवेचे मोल किती द्यायचे, एवढेच ठरवावे. गार माळ्यावरून जाणाऱ्या नळ्यांना जाड आवरण असावे, यंत्रातून ठिबकणाऱ्या पाण्याची वाट गोठणार नाही अशी काढलेली असावी आणि काम संपल्यावर प्रत्येक झडपेपाशी हवेचा प्रवाह मोजून त्याचा लेखी तक्ता मिळावा, या अटी करारातच घालाव्यात.

आपल्या दिरांनी या यंत्रणेच्या वाटेला जाऊ नये. नाशिकला थंडीत रात्री पारा दहाच्या खाली गेला, तरी दुपारी ऊन पडते आणि घर महिनोन्महिने तापवत ठेवावे लागत नाही. वाचवण्याजोगी उष्णताच मुळात थोडी आहे. समोरासमोर खिडक्या, त्यांना डासांच्या जाळ्या आणि नळी थेट बाहेर काढलेली स्वयंपाकघरातील चिमणी, एवढे नकाशातच नक्की करून घ्यावे.