ओट्स सुरू करताना
ताई, ओट्स जरूर खा, पण पहिल्याच दिवशी वाडगाभर नको. चहा-पोह्यांची सवय असलेल्या पोटात एकदम एवढं फायबर गेलं की पोट डब्ब होतं, गॅस धरतो, आणि ओट्सच्या नावाने बोटं मोडत आपण परत पोह्यांवर येतो. सुरुवातीला दोन-तीन चमचे, मग हळूहळू 40 ग्रॅमपर्यंत जा. पाणीही वाढवा, नाहीतर उलट पोट साफ होत नाही.

मसाला ओट्सची पाकिटं नकोत, मीठ फार असतं. साधे रोल्ड ओट्स घ्या. जिरं-कढीपत्त्याची फोडणी, गाजर, मूठभर मोडाचे मूग परता, ओट्सच्या अडीचपट पाणी घाला. उकळी आली की ओट्स, मंद आचेवर पाचेक मिनिटं. पळीवरून सावकाश ओघळतो तो बुळबुळीतपणा म्हणजे बीटा-ग्लुकन, ओट्समधलं पाण्यात विरघळणारं फायबर. पोट उशिरा रिकामं होतं ते त्याच्यामुळेच. वर लिंबू पिळा. मध नको, साखरच ती!

आणि 40 ग्रॅममध्ये फायबर जेमतेम 4 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना दिवसाला किमान 25 सांगते. तेव्हा दुपारची उसळ-भाजी सोडू नका. ओट्स अगदीच घशाखाली उतरले नाहीत तर गव्हाचा दलिया करा, स्वस्तही पडतो.